प्लग, सॉकेट आणि कनेक्टर: कुठल्या कामाला कोणता? सहा-सोळा अँपिअरपासून टाइप-सीपर्यंत

नवा चार्जर घेताना आपण भरपूर चौकशी करतो. किती वॅटचा आहे, फास्ट चार्जिंग चालेल का, केबल कोणती लागेल. पण तोच चार्जर भिंतीवरच्या ज्या बोर्डात जातो त्या बोर्डावर शेजारी केटल, इस्त्री आणि तीन जणांचे लॅपटॉप असतात, आणि त्या सगळ्यांचा मिळून हिशोब कुणीच करत नाही. होस्टेलमध्ये किंवा पीजीमध्ये राहणाऱ्यांना हे चित्र चांगलंच ओळखीचं असेल.

गंमत अशी आहे की फोनचा टाइप-सी कनेक्टर बराच हुशार असतो. केबल लावली की चार्जर आधी फक्त ५ व्होल्ट देतो. मग फोन आणि चार्जर एकमेकांशी बोलतात: तुला किती झेपतं, मला किती हवं. दोघांचं जमलं तरच व्होल्टेज वाढतं. भिंतीवरचं सॉकेट असं काहीही विचारत नाही. उपकरणाने मागितला तेवढा करंट ते देत राहतं, मग मागची वायर तापो की प्लग वितळो. तिथे सुरक्षिततेसाठी विचारला जाणारा प्रश्न एकच असतो, तो म्हणजे प्लगचा आकार. मोठा प्लग लहान सॉकेटमध्ये जात नाही, कारण तो जाऊ नये असंच ठरवलेलं आहे.

ही एक गोष्ट नीट समजली की योग्य प्लग निवडणं सोपं होतं. चला, क्रमाने पाहूया.

आधी शब्द समजून घेऊ

दुकानात प्लगला बहुतेक वेळा "टॉप" किंवा नुसतं "पिन" म्हणतात. "थ्री पिन टॉप द्या" म्हटलं की प्लग मिळतो. भिंतीवरच्या भोकांच्या भागाला सॉकेट म्हणतात. वायरचं जे टोक उपकरणाच्या बाजूला लागतं, उदाहरणार्थ मॉनिटरच्या मागे किंवा फोनच्या खाली, त्याला आपण या लेखात कनेक्टर म्हणू.

आकडे तीन लक्षात ठेवायचे. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. आपल्या घरात तो २३० व्होल्ट असतो. अँपिअर म्हणजे वायरमधून वाहणारा करंट. वॅट म्हणजे उपकरण किती वीज वापरतं ते. उपकरणाच्या मागच्या स्टिकरवर वॅट लिहिलेले असतात. त्याला २३० ने भागलं की साधारण किती अँपिअर करंट लागेल ते कळतं. प्लग आणि सॉकेट निवडताना हाच अँपिअरचा आकडा महत्त्वाचा, कारण वायर आणि पिना तापतात त्या करंटमुळे.

६ अँपिअर आणि १६ अँपिअर: फरक काय?

भारतात घरगुती प्लग आणि सॉकेटसाठी आयएस १२९३ हे मानक आहे. त्यात तीन गोल पिनांचे दोन मुख्य आकार येतात. लहान ६ अँपिअरचा आणि मोठा १६ अँपिअरचा. वायरमन आणि दुकानदार अजूनही त्यांना "पाच अँपिअर" आणि "पंधरा अँपिअर" म्हणतात, कारण ही रचना मुळात १९३४ सालच्या ब्रिटिश मानकातून, बीएस ५४६ मधून आली आणि तिथे हेच आकडे होते. ब्रिटनने स्वतः १९४७ मध्ये चपट्या पिनांच्या प्लगचं नवं मानक आणलं. आपल्याकडे मात्र गोल पिना राहिल्या.

लहान प्लगच्या फेज आणि न्यूट्रलच्या पिना साधारण ५ मिलिमीटर जाडीच्या असतात, मोठ्या प्लगच्या साधारण ७ मिलिमीटरच्या. दोन पिनांमधलं अंतरही मोठ्या प्लगमध्ये जास्त असतं. पिन जाड म्हणजे सॉकेटमधल्या पितळी पट्टीला टेकणारा भाग जास्त, आणि त्यामुळे जास्त करंट वाहूनही तापमान आटोक्यात राहतं.

२३० व्होल्टवर हिशोब केला तर ६ अँपिअरच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त सुमारे १,३८० वॅट घेता येतात, आणि १६ अँपिअरच्या सॉकेटमधून सुमारे ३,६८० वॅट. आता घरातली नेहमीची उपकरणं पाहा:

- फोनचा चार्जर, लॅपटॉप, वायफाय राउटर: प्रत्येकी १ अँपिअरपेक्षा कमी
- ७५० वॅटचा मिक्सर: सुमारे ३.३ अँपिअर
- १,००० वॅटची इस्त्री: सुमारे ४.३ अँपिअर
- १,५०० वॅटची केटल: सुमारे ६.५ अँपिअर
- २,००० वॅटची इंडक्शन शेगडी, हीटर किंवा गीझर: सुमारे ८.७ अँपिअर
- ३,००० वॅटचा इन्स्टंट गीझर: सुमारे १३ अँपिअर

यावरून सोपा नियम निघतो. पाणी, हवा किंवा अन्न तापवणारं उपकरण दिसलं की आधी वॅट बघायचे. १,००० वॅटपर्यंत ६ अँपिअरचं सॉकेट चालतं, पण त्यावर त्याच वेळी दुसरं काही मोठं लावायचं नाही. त्याच्या वर गेलं की १६ अँपिअरचं सॉकेटच हवं. केटल लहान दिसते म्हणून तिचा करंट लहान नसतो.

अर्थची पिन लांब आणि जाड का?

वरची तिसरी पिन ही अर्थिंगची. उपकरणाच्या आत वायर सुटली आणि ती धातूच्या बॉडीला टेकली, तर तो करंट तुमच्या अंगातून जाण्याऐवजी या पिनेतून जमिनीत जावा, म्हणून ती असते.

ती लांब असते कारण प्लग लावताना सगळ्यात आधी अर्थ जोडला जावा आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावा. जाड असते कारण ती चुकून दुसऱ्या भोकात जाऊ नये. चांगल्या सॉकेटमध्ये खालच्या दोन भोकांवर आतून झडप असते. अर्थची पिन आत गेल्याशिवाय ती झडप उघडत नाही, त्यामुळे लहान मुलाने खिळा किंवा हेअरपिन घातली तरी आत जात नाही.

म्हणूनच काही जुगाड अजिबात करायचे नाहीत. अर्थची पिन तोडून प्लग लावणं, पेन्सिलीने वरची झडप दाबून दोन पिनांचा प्लग घुसवणं, किंवा उघड्या वायरी सॉकेटमध्ये घालून काडेपेटीच्या काडीने अडकवणं. शेवटचा प्रकार शेतावर, बांधकामावर आणि मंडपात सर्रास दिसतो. त्यात पकडही नाही आणि अर्थिंगही नाही.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे मागे अर्थची वायर आहेच असं नाही. जुन्या घरांत आणि भाड्याच्या खोल्यांत ते भोक कधीकधी नुसतं शोभेचं असतं. साध्या टेस्टरने हे खात्रीने कळत नाही. वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्यायचं.

फोनच्या चार्जरला दोनच पिना कशा चालतात?

चार्जरवर बारीक अक्षरांत एक चिन्ह शोधा: चौकोनाच्या आत चौकोन. याचा अर्थ त्या उपकरणात दुहेरी इन्सुलेशन आहे आणि त्याला अर्थिंगची गरज नाही. चांगल्या फोन चार्जरवर ते असतंच.

धातूच्या बॉडीचा लॅपटॉप किंवा फोन चार्जिंगला असताना हात फिरवल्यावर कधीकधी हलक्या झिणझिण्या येतात. चार्जरच्या आत विजेचा गोंगाट गाळण्यासाठी लहान कपॅसिटर असतो, त्यातून अतिशय सूक्ष्म करंट बॉडीपर्यंत येतो. चार्जर चांगला असेल तर ही पातळी धोक्याची नसते. लॅपटॉपला तीन पिनांची वायर लावली आणि अर्थिंग नीट असेल तर बहुतेक वेळा हे थांबतं. पण फ्रिज, वॉशिंग मशीन किंवा गीझरच्या नळाला हात लावल्यावर झटका बसत असेल, तर ते नॉर्मल अजिबात नाही. उपकरण लगेच बंद करा आणि वायरमनला बोलवा.

एमसीबी आहे ना, मग काळजी कशाला?

हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. एमसीबी हा भिंतीतल्या वायरचा रखवालदार आहे. त्या लाइनवर ठरलेल्यापेक्षा जास्त करंट गेला किंवा शॉर्ट सर्किट झालं तर तो पडतो. पण तुमच्या एक्स्टेन्शन बोर्डाची पातळ वायर किती अँपिअरची आहे हे त्याला माहीत नसतं. १६ अँपिअरच्या लाइनवर तुम्ही ६ अँपिअरचा एक्स्टेन्शन बोर्ड लावला आणि त्यावर केटल आणि इंडक्शन शेगडी मिळून १५ अँपिअर घेतले, तर एमसीबीच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं असतं. तिकडे बोर्डाची वायर आतून शिजत असते.

दुसरी गोष्ट त्याहून घातक आहे, ती म्हणजे ढिली पकड. सॉकेटमधल्या पितळी पट्ट्या वापरून वापरून सैल होतात, पिन नीट धरली जात नाही आणि त्या सांध्यापाशी विजेला विरोध वाढतो. समजा तो विरोध फक्त ०.१ ओहम झाला. १ अँपिअर करंटला तिथे ०.१ वॅट उष्णता तयार होईल, हाताला जाणवणारही नाही. पण २,००० वॅटच्या गीझरचा ८.७ अँपिअर करंट गेला, तर त्याच जागी सुमारे ७.५ वॅट उष्णता तयार होते. करंट नऊपटही झालेला नाही, पण उष्णता ७५ पट वाढली, कारण उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नखाएवढ्या पट्टीत एवढी उष्णता अर्धा तास साठली की प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग तपकिरी होतं आणि मग वितळतं. तापल्यामुळे पट्टी आणखी सैल होते आणि विरोध अजून वाढतो.

या सगळ्यात एकूण करंट वाढलेलाच नसतो. त्यामुळे एमसीबी पडत नाही. करंट बाहेर गळतही नसतो, त्यामुळे शॉकपासून वाचवणारा आरसीसीबीही पडत नाही. हा धोका फक्त तुमच्या नाकाला, कानाला आणि हाताला कळतो. जळका वास येणं, प्लग लावलेला असताना चरचर आवाज येणं, पिनेवर किंवा भोकाभोवती काळा-तपकिरी डाग दिसणं ही चिन्हं आहेत. मोठं उपकरण दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर बटण बंद करा आणि प्लगच्या प्लास्टिकला बाहेरून हात लावून बघा. किंचित कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर ते सॉकेट बदलायला झालं आहे. अशा वेळी प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. जळलेली पिन नव्या सॉकेटमध्ये घातली तर नवी पट्टीही लवकर खराब होते.

आरसीसीबीचं काम वेगळं आणि तेही तितकंच महत्त्वाचं आहे. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा बसवतात. तेवढा करंट अंगातून किंवा दुसऱ्या कुठल्या वाटेने जमिनीत गळला की तो क्षणात वीज तोडतो. मेन बोर्डवर "टेस्ट" लिहिलेलं लहान बटण दिसलं तर तो आहे असं समजा, आणि महिन्यातून एकदा ते बटण दाबून तो पडतो का पाहा.

एक्स्टेन्शन बोर्ड आणि कन्व्हर्टर प्लग

एक्स्टेन्शन बोर्डवर सहा सॉकेट आहेत म्हणून सहा पट वीज मिळत नाही. सहाही सॉकेट मिळून जो करंट घेतील तो एकाच वायरमधून आणि एकाच प्लगमधून जातो. इथे साखळीचा नियम लागू होतो: भिंतीतली वायर, सॉकेट, प्लग, बोर्डाची वायर, या सगळ्यांत ज्याचा आकडा सर्वांत कमी, तोच तुमचा आकडा.

बोर्ड घेताना वायरवर छापलेलं वाचा. "३ × ०.७५" म्हणजे आत तीन तारा आहेत आणि प्रत्येक ०.७५ चौरस मिलिमीटरची आहे. अशी वायर फोन, लॅपटॉप, टीव्हीसाठी ठीक. केटल किंवा हीटरसाठी १.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि १६ अँपिअरचा प्लग असलेला बोर्ड घ्या, आणि त्यावर एका वेळी एकच मोठं उपकरण चालवा. "३ × " ऐवजी "२ × " लिहिलेलं दिसलं तर आत अर्थची तार नाहीच. बोर्डावर तिसरं भोक असलं तरी ते फसवं आहे.

वायर गुंडाळी करून ठेवलेली असेल तर मोठं उपकरण लावण्याआधी ती पूर्ण मोकळी करा. गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही. ड्रमवर गुंडाळलेल्या मोठ्या वायरींवर म्हणूनच दोन आकडे लिहिलेले असतात, गुंडाळलेली असताना कमी आणि पूर्ण सोडल्यावर जास्त. गादीखाली, गालिच्याखाली किंवा दाराच्या फटीतून वायर नेऊ नका. एका एक्स्टेन्शनला दुसरं एक्स्टेन्शन जोडू नका.

आता कन्व्हर्टर. हे दोन दिशांनी वापरले जातात आणि दोन्हींत खूप फरक आहे.

मोठ्या सॉकेटमध्ये लहान प्लग लावणारा कन्व्हर्टर, म्हणजे १६ अँपिअरच्या पॉइंटवर फोनचा चार्जर वगैरे. इथे करंट कमीच असतो, त्यामुळे एका लहान उपकरणासाठी हे चालतं. त्यावर मल्टिप्लग लावून पाच गोष्टी जोडू नका एवढंच.

लहान सॉकेटमध्ये मोठा प्लग लावणारा कन्व्हर्टर. हा घेऊच नका. इस्त्री किंवा हीटरला कंपनीने मोठा प्लग दिलाय तो विचार करून दिलाय. त्याला लहान पिनांचा कन्व्हर्टर लावणं किंवा मोठा टॉप कापून लहान टॉप बसवणं म्हणजे तो इशाराच पुसून टाकणं.

याच जातीची एक छुपी चूक घराच्या दुरुस्तीत होते. जुनं ६ अँपिअरचं सॉकेट काढून त्याच जागी दोन्ही आकाराचे प्लग घेणारं ६/१६ सॉकेट बसवलं जातं. दिसायला छान, पण मागची वायर तीच पातळ राहते. साधारणपणे १६ अँपिअरच्या पॉइंटला मेन बोर्डपासून वेगळी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते, ज्याला वायरमन "अडीच एमएम" म्हणतात. दिव्या-पंख्याच्या दीड एमएमच्या लाइनवर असं सॉकेट बसवून घेऊ नका. भाड्याची खोली बघायला गेलात तर किचनमधला मोठा पॉइंट स्वतंत्र एमसीबीवर आहे का, हा प्रश्न जरूर विचारा.

कुठल्या कामाला काय निवडायचं?

_फोन आणि टॅबलेट._ भिंतीच्या बाजूला कोणतंही घट्ट पकडणारं ६ अँपिअरचं सॉकेट पुरतं. जड फास्ट चार्जर सैल सॉकेटमधून बाहेर लोंबत असेल आणि लावताना ठिणग्या उडत असतील, तर सॉकेट बदला. फोनच्या बाजूला केबल महत्त्वाची. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त ६० वॅटपर्यंतची असते. १०० वॅट किंवा त्याहून जास्त हवे असतील तर ५ अँपिअरची केबल लागते, तिच्या टोकात एक चिप असते आणि ती चिप स्वतःची क्षमता चार्जरला सांगते. २०२१ मध्ये आलेल्या यूएसबी पॉवर डिलिव्हरी ३.१ मध्ये ही मर्यादा २४० वॅटपर्यंत गेली. काही फोन कंपन्यांच्या स्वतःच्या फास्ट चार्जिंग पद्धती असतात, त्यांना त्यांचाच चार्जर आणि केबल लागते. दुसऱ्या चांगल्या चार्जरने फोन चार्ज होतो, फक्त हळू.

_राउटर, सेट-टॉप बॉक्स, सीसीटीव्ही._ यांचा गोल पोकळ डीसी पिन असतो. तो दिसायला सारखा, पण आतलं भोक २.१ किंवा २.५ मिलिमीटरचं असू शकतं. हा कनेक्टर काहीही विचारत नाही, म्हणून अडॅप्टर बदलताना तीन गोष्टी तुम्हीच जुळवा. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. आणि मधला भाग प्लस आहे की मायनस, हे दाखवणारं गोल चिन्ह दोन्हींवर सारखं हवं. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर राउटर जाऊ शकतो.

_लॅपटॉप, मॉनिटर, पीसी._ मॉनिटर आणि पीसीच्या मागचा तीन चपट्या पिनांचा कनेक्टर म्हणजे सी१३, १० अँपिअरचा. लॅपटॉपच्या अडॅप्टरचा तीन गोलांचा, मिकी माऊससारखा दिसणारा सी५, तो २.५ अँपिअरचा. टीव्ही किंवा स्पीकरला इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोन तारांचा सी७, तोही २.५ अँपिअरचा. तापणाऱ्या काही भांड्यांच्या वायरीला सी१३ सारखाच पण मधे खाच असलेला सी१५ असतो, तो जास्त तापमान सोसतो. म्हणून खाच असलेली वायर मॉनिटरला चालते, पण मॉनिटरची वायर तापणाऱ्या भांड्यात शिरत नाही. इथेही आकारच राखण करतोय. ती खाच चाकूने कोरू नका.

_केटल, इंडक्शन, हीटर, मायक्रोवेव्ह._ थेट भिंतीवरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये. होस्टेलमध्ये तसा पॉइंट नसेल तर १,५०० वॅटची केटल आणण्याऐवजी कमी वॅटचं मॉडेल बघा. पाणी उकळायला थोडा वेळ जास्त लागेल, पण वीज तेवढीच खर्च होईल आणि सॉकेट सुरक्षित राहील.

_एसी आणि मोठा गीझर._ हे तासन्‌तास किंवा रोज जोरात चालतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी, आणि शक्यतो साध्या सॉकेटऐवजी एमसीबी असलेला एसी बॉक्स किंवा थेट जोडणी करून घ्या. हे काम परवानाधारक वायरमनचं आहे.

_इलेक्ट्रिक स्कूटर किंवा कार._ इथे करंटपेक्षा वेळ जास्त महत्त्वाचा. गीझर अर्धा तास चालतो, स्कूटर चार-पाच तास चार्जिंगला असते आणि कारची लहान चार्जिंग केबल रात्रभर. सैल सॉकेट एवढा वेळ टिकत नाही. पार्किंगमध्ये पाऊस लागणार नाही अशा जागी झाकण असलेलं १६ अँपिअरचं सॉकेट, मागे वेगळी वायर, एमसीबी आणि आरसीसीबी. तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडलेली एक्स्टेन्शन वायर यासाठी वापरू नका.

_गणपतीचा मंडप, लग्न, शेत._ बाहेरच्या कामाला घरातले प्लग वापरू नयेत. यासाठी जाड गोल प्लास्टिकचे, झाकणाचे इंडस्ट्रियल प्लग मिळतात. निळा सिंगल फेजचा, लाल थ्री फेजचा. १६, ३२, ६३ अँपिअर असे आकार असतात आणि एका आकाराचा दुसऱ्यात जात नाही. त्यांवर आयपी४४ लिहिलेलं असेल तर पाण्याचे शिंतोडे चालतात. आयपी६७ असेल तर धूळ आत जात नाही आणि थोडा वेळ पाण्यात बुडालं तरी चालतं. जोड जमिनीवर ठेवू नका, पाणी साचणार नाही अशा उंचीवर बांधा, आणि मंडपाच्या बोर्डवर आरसीसीबी लावायला सांगा. भर पावसात मंडळाची पोरं अनवाणी लोखंडी खांबांना धरून काम करत असतात. वर्गणीतले काही हजार रुपये यावर गेले तर ते वाया गेले असं कुणी म्हणू नये.

परदेशी जाताय?

फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरवर "इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ" लिहिलेलं असतं. म्हणजे तो जगात कुठेही चालतो, फक्त पिनांचा आकार बदलणारा ट्रॅव्हल अडॅप्टर लागतो. ब्रिटन, दुबई आणि सिंगापूरला तीन चपट्या पिना, अमेरिकेला दोन उभ्या चपट्या पिना, जर्मनी-फ्रान्सला दोन गोल पिना.

पण ट्रॅव्हल अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. अमेरिकेत १२० व्होल्ट असतात, त्यामुळे इथला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे नीट फिरणार नाही. शिकायला जाणाऱ्यांनी ११० व्होल्टचं मॉडेल घ्यावं. उलट, तिकडून आणलेला फक्त १२० व्होल्टचा हेअर ड्रायर इथे लावला तर तो साडेतीनपटीहून जास्त वीज खेचेल आणि काही क्षणांत जळेल. पिना जुळल्या म्हणजे व्होल्ट जुळले असं नाही.

घेताना आणि बसवताना

- प्लग, सॉकेट आणि बोर्डवर आयएसआय चिन्ह आणि आयएस १२९३ हा आकडा बघा. चिन्हाखालचा सीएम/एल क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून खरा आहे का ते तपासता येतं. चार्जरवर "आर-" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तोही त्याच अ‍ॅपमध्ये तपासता येतो.
- पिना पितळी आणि वजनदार हव्यात. चुंबक चिकटला तर पिना लोखंडाच्या आहेत, घेऊ नका.
- प्लग स्वतः बसवणार असाल तर तो आधी सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढा. तपकिरी वायर एल खुणेला, निळी एन खुणेला, हिरवी-पिवळी जाड अर्थच्या पिनेला. जुन्या वायरीत हेच रंग लाल, काळा आणि हिरवा असतात.
- अर्थची वायर आत बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा. वायर जोरात ओढली गेली तर अर्थ सगळ्यात शेवटी सुटेल.
- प्लगमधली पट्टी वायरच्या बाहेरच्या जाड आवरणावर आवळा, आतल्या बारीक तारांवर नाही. तांब्याचा एकही केस बाहेर राहू देऊ नका.
- प्लग काढताना आधी बटण बंद करा, मग प्लगला धरून ओढा, वायरला धरून नाही. चालू करंटवर प्लग ओढला की ठिणगी पडते आणि दर ठिणगीला पट्टीवर एक खड्डा पडतो.

आज घरी गेल्यावर एवढंच करा: सगळ्यात जास्त वॅटचं उपकरण कोणतं ते शोधा, त्याचे वॅट २३० ने भागा आणि ते लावलेल्या सॉकेटवरचा आकडा वाचा. उत्तर सॉकेटच्या आकड्यापेक्षा मोठं आलं, तर तो प्लग आजच तिथून काढा.